दाभोळ ते गोवळकोट: फाल्गुनात खाडीने कसं जावं

माझं माहेर दाभोळ आणि सासर चिपळूण. फेरीबोटीने धोपाव्याला उतरून पुढे गाडी धरली की घाट-वळणं घेत माणूस चिपळुणात पोचतो. पण वाशिष्ठीच्या खाडीने निघालं तर दोन्ही गावं एकाच पाण्यावर आहेत. वीसएक वर्षं झाली, दर फाल्गुनात मी एकदा तरी माहेराहून सासरी होडीने येते, चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावर उतरते. मामेभाऊ तांडेल, म्हणजे होडी चालवणारा आहे, त्यामुळे सोय झाली. पण जे शिकले ते चुकत-माकत, आणि खाडीकाठच्या माणसांना विचारून विचारून. पुण्या-मुंबईची ओळखीची मंडळी हल्ली फार विचारतात, “आम्हालाही जायचंय, कसं जमवायचं?” म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सरकारदरबारी ही वाट राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ आहे. दाभोळच्या मुखापासून चिपळूणजवळच्या पेढ्यापर्यंत ४५ किलोमीटर. नाव मोठं असलं तरी वाटेत दिवे, पाट्या, पेट्रोलपंप असं काही मिळेल अशी आशा ठेवू नका. जे लागेल ते आपल्याबरोबर.

आधी महिना. पंचांगात वसंत चैत्राला लागतो, खाडीत तो फाल्गुनातच येतो. काठच्या डोंगरांवर पळस आणि पांगारा लाल झालेला असतो, आंब्याचा मोहोर अजून टिकून असतो आणि काजूला पहिली बोंडं धरलेली असतात. थंडीच्या दिवसांतलं दाट धुकं विरळ झालेलं असतं आणि वैशाखातलं अंग भाजणारं ऊन यायला अवकाश असतो. पावसाळ्याचं नावच काढू नका. फाल्गुनातही एक अडचण आहे, शिमगा. फाक पंचमी झाली की गावागावांत गडबड सुरू होते, आणि पालख्या बाहेर पडल्यावर कुठलाही तांडेल तुमच्यासाठी होडी काढणार नाही. काढू नये, असंच मला वाटतं. म्हणून फाल्गुन शुद्ध प्रतिपदा ते तृतीया हे तीन दिवस मी धरून ठेवते. त्यातही द्वितीया माझी आवडती. तिचं कारण पाण्यात आहे.

खाडीतलं घड्याळ म्हणजे तिथी. आमच्या आजोबांची पाऊणकी तोंडपाठ होती आणि ती ते हिशेबापेक्षा भरतीसाठीच जास्त वापरायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दोन पाऊण म्हणजे दीड, तर दुपारी दीडच्या सुमारास भरती. त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी सव्वासातच्या आसपास पाणी पूर्ण सुकलेलं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाला, भर दुपारी खाडी रिकामी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. रोज पाणी पाऊण तासाने पुढे सरकतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. यात अर्धा तास इकडे-तिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक किंवा मोबाईलमधलं पाहा आणि शिवाय बंदरावर एखाद्या खारव्याला, म्हणजे दर्यावर जाणाऱ्या माणसाला विचारा. आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. दाभोळला भरती झाली म्हणजे गोवळकोटला झाली असं नाही. पाणी मुखातून आत शिरतं आणि चढत चढत वर जातं, त्यामुळे जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. चढत्या पाण्याबरोबर वर जाणाऱ्याला याचा फायदाच होतो. भरती तुमच्यासोबत चालत राहते.

आता द्वितीयेचा हिशेब लागेल. सव्वासातला पाणी सुकतं, आठला ते चांगलं फिरलेलं असतं, तेव्हा दाभोळहून निघायचं. पुढचे पाच तास पाणी मागून ढकलत राहतं. पौर्णिमा-अमावस्येला लागून उधाणाचे दिवस असल्यामुळे ओढही जोरदार मिळते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी आळसावलेलं असतं आणि उथळ जागी होडी टेकायची भीती वाढते.

चढत्या पाण्यावरच का जायचं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. सकाळी घरी पाहुणे आले, त्यांना न जेवता सोडवेना, आणि आम्ही निघालो तेव्हा भरती संपत आली होती. अर्ध्या वाटेवर सुकती, म्हणजे ओहोटी लागली. एका वळणावर तांडेलाने पाच-सात हात आतून होडी घेतली आणि ती भाटीवर, म्हणजे चिखलाच्या उंचवट्यावर बसली. चढतं पाणी असतं तर दहा मिनिटांत आपोआप उचलली गेली असती. उतरत्या पाण्यात प्रत्येक मिनिटाला ती जास्तच बसत गेली. माझी दोन्ही मुलं बरोबर होती, धाकटा चार वर्षांचा. त्या चिखलात आम्ही साडेपाच तास बसून होतो. भावाने बांबू चिखलात रोवला आणि पाणी जिथे होतं तिथे सुतळी बांधली. सुतळीखाली ओल्या बांबूचा पट्टा बोटभर, वीतभर, हातभर वाढत गेला. पाणी गेल्यावर सगळीकडून निवट्या, चिखलात राहणारे बारके मासे, बाहेर आल्या, डोळे डोक्यावर, पंखांच्या कुबड्यांवर सरपटत आपापल्या बिळाभोवती भांडत होत्या. बारके खेकडे एकच मोठा लाल डेंगा वर-खाली हलवत होते. मुलं ते बघण्यात रमली म्हणून वेळ निघाला. पण प्यायचं पाणी संपलं होतं, आणि धाकट्याला ऊन लागून रात्री ताप भरला. तेव्हापासून निघायची वेळ मी कोणासाठीही बदललेली नाही. पाहुण्यांना आदल्या रात्री जेवायला बोलावते.

होडी अडकली तर उतरून ढकलायचं नाही, हेही इथेच सांगून ठेवते. चिखल मांडीपर्यंत ओढतो, आत कालवांचे कवच असतात, त्यांनी पाय ब्लेडने चिरावा तसा चिरतो. वरच्या अंगाला मगरी आहेत. नांगर टाका, सावली करा आणि पाण्याची वाट बघा.

होडी कोणती घ्यावी? स्वतःची आणून स्वतः चालवायचा विचार पहिल्या खेपेला करू नका. या खाडीत ज्याचा जन्म गेलाय असा तांडेल घ्या, आणि होडी नोंदणी झालेली, प्रवासी नेण्याचा परवाना असलेली आहे ना, हे आधी बघा. विचारायला लाजू नका, चांगला तांडेल स्वतःहून कागद दाखवतो. सहा-आठ माणसांची, बूड सपाट असलेली फायबरची होडी उत्तम. ताशी दहा किलोमीटर चालली तरी भरपूर झालं. डोक्यावर कापडाचं छत हवंच. इंजिनाच्या पंख्याला तुटलेल्या जाळ्याचा दोर गुंडाळतो, हे दर वर्षी एकदा तरी होतं. त्यासाठी धारदार सुरी हाताशी हवी, आणि इंजिन बंद पडलंच तर दोन वल्ही. माणशी एक लाइफ जॅकेट, मुलांसाठी मुलांच्या मापाचं, आणि ते बसायला उशी म्हणून ठेवायचं नाही, निघण्यापूर्वी अंगात घालायचं. मोठ्यांनी घातलं नाही तर मुलं काढून टाकतात. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक लिहून ठेवलेले. मधल्या टप्प्यात रेंज जाते-येते, म्हणून घरी कोणालातरी निघायची आणि पोचायची वेळ सांगून ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर. खाडीवर वारा लागतो म्हणून तहान कळत नाही आणि डोकं दुखायला लागल्यावर उशीर झालेला असतो. मी कोकमाचं आगळ बाटलीत घेते आणि लागेल तसं सरबत करते. खायला घावन आणि सुक्या जवळ्याची चटणी. घावन गार झाले तरी मऊ राहतात, भाकरी वाऱ्याने वाळून जाते.

एक दिवस आधी दाभोळला मुक्काम करा. संध्याकाळी चंडिकेच्या गुहेत जाऊन या. आत विजेचे दिवे नाहीत, समईच्या उजेडात डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं. खाली पाण्याजवळ आदिलशाही काळची शाही मशीद आहे. हे बंदर केवढं मोठं होतं ते तिच्यासमोर उभं राहिल्यावर कळतं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थान सोडून परत निघाला, तो या दाभोळहूनच.

सकाळी धुकं असेल तर घाई नको. समोरचा धोपाव्याचा डोंगर स्पष्ट दिसेपर्यंत धक्क्यावर थांबा. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू आहे, ती गाड्या भरून आडवी जाते आणि तिला चटकन वळता येत नाही. नेहमी तिच्या मागून जा, पुढून कधीच नको. खाडीचं मुख, अंजनवेलचा दीपस्तंभ आणि गोपाळगड पाहायचा मोह होतो, कारण सकाळी मतलई वाऱ्यात पाणी तुपासारखं असतं. तेवढं बघून लगेच आत वळा, मुखाबाहेर जायचं नाही. अकरा-बारानंतर खारा वारा उठतो, आणि दुपारी मुखापाशी उतरतं पाणी आणि समोरून येणारा वारा एकमेकांना भिडले की आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडीला त्या झेपत नाहीत. आत जाणाऱ्याला हाच वारा पाठीवर येतो, ही आपल्या वाटेची आणखी एक सोय.

पुढे खाडी वळणं घेत जाते, आणि प्रत्येक वळणावर एकच नियम. पाणी बाहेरच्या अंगाने धावतं, तिथे खोल असतं. आतल्या अंगाला ते मंदावतं आणि गाळ टाकतं. म्हणजे जवळची वाटणारी वाट नेमकी उथळ. माझा भाऊ नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, एक माणूस बांबू घेऊन उभा करतो, बहुतेक वेळा मलाच. बांबू सरळ खाली सोडायचा आणि हाताला काय लागतं ते सांगायचं. चिखल असेल तर बांबू लोण्यात शिरावा तसा जातो आणि वर काढताना ओढून धरतो. वाळू असेल तर कर्र असा आवाज टोकाकडून तळव्यापर्यंत येतो. कालवांचा थर असेल तर टक्‌ करून उलटा उसळतो. “ताई, काय लागतंय?” तो मागून ओरडतो आणि मी “चिखल, चिखल, वाळू” अशी हाक देत जाते. वाळू लागली की इंजिन मंद, टक्‌ झालं की लगेच बाहेर वळायचं. दोन-तीन वर्षांत हे हाताला इतकं बसतं की बांबू टेकायच्या आधीच पाण्याच्या रंगावरून अंदाज येतो. खोल पाणी गडद हिरवं, उथळावर मातकट आणि अंगावर बारीक सुरकुत्या.

पाण्यात उभे खुंटे दिसले तर ते जाळ्याचे समजा. दोन खुंट्यांमधून कधीही जायचं नाही. मध्येच तरंगणारे थर्माकोलचे तुकडे, रिकामे डबे म्हणजे बोये, त्यांच्याखाली जाळं असतं. भोई मंडळी बारक्या होड्यांतून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत असतात. त्यांच्या शंभर हात आधीपासून वेग कमी करा. आपल्या लाटेने त्यांची होडी भरते आणि आलेला मासा पळतो. काठावर बायका गुडघाभर पाण्यात मुळे (शिंपले) आणि कालवं काढत असतात, त्यांच्याबाबतीतही तसंच. मी नेहमी इंजिन बंद करून विचारते, “काकी, मिळाले का मुळे?” बऱ्याचदा वाटाभर विकतही मिळतात. या खाडीचं पाणी पूर्वीसारखं राहिलेलं नाही, मासा कमी झालाय, हे त्या बायका दर वर्षी सांगतात आणि ऐकून जीव तुटतो. आपण निदान एकही पिशवी पाण्यात सोडू नये.

दोन्ही काठांना कांदळवन. तिवराची टोकदार मुळं चिखलातून वर आलेली, कांदळाची मुळं छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड उंच झाडावर बसलेला दिसतो, ब्राह्मणी घारी तर सतत डोक्यावर. काळ्या टोपीचा खंड्या कांदळाच्या फांदीवर अगदी पाण्यालगत असतो, निळ्या रंगाची रेघ सळकन गेली म्हणजे तोच. थंडीसाठी आलेले कुरव परतायच्या तयारीत असतात. पक्षी बघायचे तर नऊच्या आत, नंतर सगळे सावलीला जातात.

मालदोलीच्या पुढे मगरींचा मुलूख. सकाळच्या उन्हात त्या तोंड उघडं टाकून काठावर पडलेल्या असतात, लांबून चिखलाने माखलेलं ओंडकं वाटतं. बघा, पण लांबून, आणि होडी तिच्याभोवती फिरवू नका. फाल्गुन-चैत्रात मादी काठावरच्या कोरड्या मातीत, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि आसपासच राखण करत असते. त्यामुळे जिथे वाळूची पुळण दिसेल, जिथे उतरून डबा खावासा वाटेल, तिथेच उतरायचं नाही. जेवण होडीतच. हात पाण्यात सोडायचा नाही, भांडी खाडीत धुवायची नाहीत, माशांची घाण टाकायची नाही. लहान मूल नेहमी दोन मोठ्यांच्या मध्ये बसवायचं. एवढं पाळलं तर भीतीचं कारण नाही. 

वर जाताना डाव्या हाताला खेडकडून जगबुडी येऊन मिळते. तिथे पाणी रुंद होतं आणि नवख्या माणसाची चुकामूक इथेच होते, कारण दोन्ही तोंडं सारखीच वाटतात. उजवीकडचं धरायचं. मग पाण्याची चव बदलायला लागते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, वीज करून कोळकेवाडीहून वाशिष्ठीत उतरतं. म्हणून आजूबाजूच्या नद्या फाल्गुनात खडखडीत होतात, पण वाशिष्ठी वाहती राहते. वीजनिर्मितीच्या वेळा बदलतात तसं वरच्या अंगाचं पाणीही कमी-जास्त होतं, तेव्हा शेवटच्या टप्प्यात कोष्टकापेक्षा बांबूवर विश्वास ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुराने चिपळूण बुडालं, त्यानंतर नदीतला गाळ काढला गेला, काठ बदलले. “अमुक वडासमोरून सरळ घ्या” अशा जुन्या खुणा मी तेव्हापासून सोडल्या. जो या वर्षी गेलाय त्यालाच विचारते.

समोर टेकडीवर गोविंदगड दिसला की गोवळकोट आलं. तुळाजी आंग्र्यांनी १७४५ मध्ये अंजनवेल घेतलं आणि त्याला गोपाळगड नाव दिलं, गोवळकोटचा गोविंदगड झाला. म्हणजे आपण खाडीच्या एका कुलपापासून दुसऱ्यापर्यंत आलो. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, मुंबईची आगबोट दाभोळला थांबायची, तिथून छोट्या लाँचने माणसं आणि सामान गोवळकोटच्या धक्क्यावर यायचं. नव्या नवरीच्या पेट्यासुद्धा. पायांत बळ असेल तर गडावर जा, नसेल तर करंजेश्वरीच्या देवळात सावलीला बसा. शिमग्यात इथे शेरणं, म्हणजे पुरून ठेवलेले नारळ, शोधतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, पण द्वितीयेला देऊळ शांत असतं.

आम्ही साधारण एक-सव्वाला पोचतो. पाणी अजून चढत असतं, धक्क्याच्या दोन पायऱ्या कोरड्या राहिलेल्या असतात. होडी बांधताना दोर सैल सोडावा लागतो. घट्ट बांधली आणि पाणी उतरलं तर होडी दोराला लटकते, खुंटी तरी उपटते नाहीतर कड फुटते. उतरताना एकेकाने, मधून, सामान आधी धक्क्यावर देऊन मग माणूस. शेवाळलेल्या पायरीवर चप्पल घालून पाय ठेवू नका.

आणि तांडेलाला जेवायला घरी चला म्हणून आग्रह करू नका. त्याला सुकती लागल्याबरोबर निघायचं असतं, तेवढं एकच पाणी त्याला अंधाराच्या आत दाभोळला पोचवतं. त्याचे पैसे होडीतच चुकते करा. माझी जाऊ दर वर्षी किटलीत चहा आणि डब्यात गरम भात-आमटी घेऊन धक्क्यावर येते. भाऊ नाळेवर बसून जेवतो, डबा खाडीत न धुता तसाच परत देतो, आणि पायरीवरची पाण्याची रेघ बोटभर खाली आली की दोर सोडतो.